फुकट कोण कशाला देईल? हंगेरीच्या शिष्यवृत्तीबद्दल विचारायचं आहे

बागायतदार_तासगाव

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला. तीन एकर द्राक्षबाग आहे, बहुतेक माल बेदाण्याला जातो. थोरली मुलगी उद्यानविद्येच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा जेवताना म्हणाली, "पप्पा, हंगेरी सरकारची स्टायपेंडियम हंगेरिकम म्हणून शिष्यवृत्ती आहे. फी माफ, राहायची सोय, वर महिन्याला खर्चाला पैसे. मी अर्ज भरणार."

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आमच्या पंचक्रोशीतली पोरं इंग्लंड-अमेरिकेला गेलीत, एमबीबीएसला रशियालाही गेलीत, पण ती पैसे भरून. हंगेरी, रोमानिया, पोलंड हे देश तर पस्तीस वर्षांपूर्वी स्वतःच कम्युनिस्ट राजवटीतून बाहेर पडले. त्यांनी आपल्या पोरीला का शिकवावं? फुकट कोण कशाला देईल, एवढाच माझा साधा प्रश्न आहे.

सांगलीत एका सल्ला केंद्रात जाऊन आलो. "जागा पक्की करून देतो" म्हणाले, साठ हजार सांगितले, पंधरा आगाऊ. मी दिले. घरी आल्यावर मुलगी रडायलाच लागली, म्हणाली अर्जाला एक रुपयाही लागत नाही. आता पैसे परत मागितले की उद्या या, परवा या. यंदा छाटणीनंतर पाऊस हटला नाही, दावण्या रोगानं निम्मे घड गेले, त्यात हे. तिची आई म्हणते तो देश युक्रेनला लागून आहे, तिथं युद्ध चाललंय, नकोच.

कुणाचं पोरगं-पोरगी गेलेली असेल तर खरं काय ते सांगा.

कृष्णाकाठची_कराड

काका, मी कराड तालुक्यातली. २०२१ ते २०२३ दोन वर्षं बुडापेस्टला याच शिष्यवृत्तीवर एमएस्सी केली, विषय उद्यानविद्याच. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी अर्जाचं. मुलगी बरोबर सांगते. टेंपस पब्लिक फाउंडेशन ही हंगेरीतली संस्था सगळं बघते. तिच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, शुल्क नाही. पण त्याच सुमारास दिल्लीकडे, म्हणजे आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या बाजूनेही वेगळा अर्ज करावा लागतो, कारण भारताने नाव पुढे पाठवल्याशिवाय तिकडे विचार होत नाही. मुदत साधारण जानेवारीच्या मध्याला संपते. माझ्या ओळखीतल्या दोघांनी तिकडचा अर्ज भरला, इकडचा राहिला, आणि त्यांचं वर्ष गेलं. भारतासाठी वर्षाला २०० जागा असतात, त्या कोणाच्याही हातात नसतात. विद्यापीठ ऑनलाइन मुलाखत घेतं, त्यावर ठरतं. पंधरा हजारांची पावती असेल तर लेखी मागणी करा, नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार द्या. रागावू नका, पण पुढचे पंचेचाळीस मात्र अजिबात देऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न, फुकट का. हा मला आमच्या अप्पांनीही विचारला होता आणि तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. तिथे राहून थोडं कळलं.

ती जी टेंपस संस्था आहे ना, तिचं नाव कुठून आलं बघा. १९८९ मध्ये तिकडच्या राजवटी कोसळल्या आणि १९९० मध्ये पश्चिम युरोपातल्या देशांनी मिळून टेंपस नावाचा कार्यक्रम काढला. सुरुवात पोलंड आणि हंगेरीपासून. तिथल्या प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांना पश्चिमेकडच्या विद्यापीठांत पाठवायचं, अभ्यासक्रम बदलायचे, प्रयोगशाळा उभ्या करायच्या. त्या कामासाठी हंगेरीने १९९६ मध्ये हे फाउंडेशन काढलं. म्हणजे आज जे कार्यालय आपल्या मुलांना शिष्यवृत्ती देतं, ते मुळात शिष्यवृत्ती घेण्यासाठी उघडलेलं कार्यालय आहे. माझ्या मार्गदर्शक बाई पन्नाशीच्या पुढच्या. विद्यार्थी असताना त्या अशाच मदतीवर एक सत्र नेदरलँड्समध्ये शिकून आल्या होत्या. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी विषयाचं काही विचारलंच नाही. "गाद्या मिळाल्या का? स्वयंपाकाची भांडी आहेत का?" हे विचारलं. स्वतः कधीतरी परक्या गावात बॅग घेऊन उभं राहिलेल्या माणसालाच हे सुचतं.

यात त्यांचा स्वार्थ नाही असं मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये ही शिष्यवृत्ती सुरू झाली ती त्यांच्या सरकारच्या "पूर्वेकडे दार उघडण्याच्या" धोरणातून. आशिया-आफ्रिकेशी व्यापार वाढावा, उद्या मोठ्या पदावर जाणारा माणूस आपल्याकडे शिकलेला असावा, हा हेतू उघड आहे. त्यांनी तो लपवलेला नाही. मला त्यात वावगं वाटत नाही.

काका, तुम्ही द्राक्षवाले, म्हणून माझ्या खोलीबद्दल सांगतेच. आम्ही तिघी. मी, एक मोल्डोवाची, एक किर्गिझस्तानची. दोघीही याच शिष्यवृत्तीवर. पहिल्या आठवड्यात मी घरून नेलेला बेदाण्याचा डबा उघडला. तुमच्याकडचाच, तासगाव बाजारातून अप्पांनी आणलेला, हिरवा, लांब दाण्याचा. किर्गिझ मुलीने दाणा उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, "किशमिश!" मी बघतच राहिले. आपण किसमिस म्हणतो तोच शब्द. मोल्डोवाच्या मुलीलाही तो ठाऊक होता, त्यांच्याकडे बिनबियांच्या द्राक्षाला तसं म्हणतात. त्या रात्री आम्ही तिघींनी अर्धा डबा संपवला.

त्या मोल्डोवाच्या मुलीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षं. तिने फोनवर फोटो दाखवला, खांब-तारांची रांग, खाली काळी माती, अगदी मिरज-तासगाव रस्त्यावरची बाग वाटावी. तिच्या आजोबांची जुनी बाग मात्र गेली होती. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली तेव्हा मोल्डोवा, जॉर्जियात बागा सरकारी हुकमाने उपटल्या गेल्या. आजोबा त्या दिवशी घराबाहेर आलेच नाहीत, असं ती सांगायची. मला तेव्हा आपल्याकडचे शेतकरी आठवले. अवकाळीने दोन-तीन हंगाम गेल्यावर स्वतःच्या हाताने बागेवर कुऱ्हाड चालवणारे. मी तिला हे सांगितलं तर ती उठून माझ्याजवळ येऊन बसली, काही बोलली नाही.

तिचा मोठा भाऊ रोमानियात याश शहरात शिकलेला. रोमानिया सरकार नव्वदच्या दशकापासून मोल्डोवाच्या मुलांना शिष्यवृत्त्या देतंय, भाषा एकच आहे त्यांची. किर्गिझ मुलीची गोष्ट आणखी वेगळी. सोव्हिएत संघ मोडल्यावर अमेरिकेने १९९२ मध्ये फ्लेक्स म्हणून कार्यक्रम काढला, त्या देशांतली शाळकरी मुलं वर्षभर अमेरिकन कुटुंबात राहतात, तिथल्याच शाळेत जातात. ही सोळाव्या वर्षी तशी आयोवातल्या शेतकऱ्याच्या घरी राहून आली होती. मक्याच्या शेतात काम केलेलं. "घरची आठवण आली की काय करायचीस?" असं मी विचारलं, तर म्हणाली त्या घरातल्या बाईंना ते न सांगता कळायचं, त्या काही न बोलता भांडी घासायला सोबत घ्यायच्या. पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला आणि मी रडत होते तेव्हा तिने मला उठवून स्वयंपाकघरात नेलं आणि हातात बटाटे सोलायला दिले.

महिन्याचे पैसे ४३,७०० फोरिंट. आपले अकरा-बारा हजार धरा. वसतिगृह मिळालं तर फुकट, नाही मिळालं तर भाड्यासाठी ४०,००० फोरिंटची मदत, आणि तेवढ्यात बुडापेस्टमध्ये खोली मिळत नाही. त्यामुळे वसतिगृहच धरून बसायचं. विमानाचं तिकीट आपलं, व्हिसाचा खर्च आपला. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांसाठी हाताशी दीड लाख तरी ठेवा.

युद्धाबद्दल काकूंना खरं सांगते. हंगेरीची हद्द युक्रेनला लागून आहे हे बरोबर, पण बुडापेस्टमध्ये रोजच्या जगण्यात मला धोका जाणवला नाही. युद्धाचं दुःख मात्र दिसलं. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमध्ये शिकणारी आपली मुलं सीमा ओलांडून बुडापेस्टला येत होती, तिथून ऑपरेशन गंगाच्या विमानांनी भारतात. आम्ही वसतिगृहात मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी करून न्युगाती स्टेशनवर नेत होतो. एक मुलगा पलूसचा निघाला. पायात मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. मराठी ऐकल्यावर त्याने आधी खिचडी घेतली नाही, "घरी एक फोन लावून द्या ना ताई" म्हणाला. त्याच वर्षी हंगेरीने या शिष्यवृत्तीतच युक्रेनमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय केली आणि सप्टेंबरमध्ये आमच्या वर्गात युक्रेनची एक मुलगी आली.

निवृत्त_विश्रामबाग

बागायतदार साहेब, मी जुन्या जमान्यातला. १९७४ साली मॉस्कोच्या लुमुंबा विद्यापीठात गेलो, तेही फुकट. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या मुलांसाठी १९६० मध्ये काढलेलं विद्यापीठ ते. मध्ये १९९२ ला नाव बदललं होतं, २०२३ मध्ये काँगोचे नेते लुमुंबा यांचं नाव परत लावलं. पहिलं वर्ष नुसती रशियन भाषा. आम्ही त्याला पोदफाक म्हणायचो. महिन्याला नव्वद रुबल. मिरजेच्या स्टेशनवर वडिलांनी बंद गळ्याचा कोट घातला होता, तो मी अजून ठेवलाय.

मला एक गोष्ट सांगायची आहे, ती भाषेबद्दल. आता इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे मुलांना वाटतं तिथली भाषा शिकायची गरज नाही. ही चूक करू नये. मला रशियन आली म्हणून प्राध्यापकांच्या घरी जेवलो, कारखान्यातल्या कामगाराशी बोलता आलं. परत आल्यावर चाळीस वर्षं त्यातल्या दोघांशी पत्रव्यवहार राहिला. १९९१ नंतर त्यांना महिनोन्‌महिने पगार मिळत नव्हता, तेव्हाही पत्रं यायची, त्यात बागेतल्या बटाट्याचा हिशेब असायचा. ज्या देशांनी आम्हांला शिकवलं त्यांच्यावर ती वेळ आली, हे वाचताना मला फार वाईट वाटायचं.

दुसरं, पदवीची मान्यता. आम्ही परत आलो तेव्हा प्रत्येक दारात "ही कसली पदवी" म्हणून विचारायचे. आता यूजीसीने २०२५ मध्ये परदेशी पदवीच्या समकक्षतेचे नियम केलेत, ते मुलीला जायच्या आधी वाचायला सांगा. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील, सगळं जपून आणायचं.

टेबललँड_पाचगणी

या देशांचं आणि आपलं काय नातं असं वाटत असेल तर आमच्या भागातली एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. छातीच्या विकाराची मुलं हवेसाठी आमच्या पाचगणीला आणत. काही मुली इथल्या शाळांत शिकल्या. माझी आजी त्यांना "पोलंडच्या पोरी" म्हणायची, त्यांना आंबोळी आवडायची म्हणे. गुजरातेत जामनगरचे राजे जामसाहेब यांनी पोलिश मुलांना आसरा दिला होता. त्यांच्या नावाने ऑगस्ट २०२४ मध्ये वॉर्सात युवक कार्यक्रम जाहीर झाला, दर वर्षी वीस पोलिश तरुणांना भारतात बोलावायचं. त्यातल्या कोणाला पाचगणीला आणलं तर माझ्या घरी राहायची सोय मी करीन.

इस्लामपूर_२२

माझा भाऊ एमबीबीएसला किर्गिझस्तानला जायचं म्हणतोय, त्याला पण अशी शिष्यवृत्ती असते का?

कृष्णाकाठची_कराड

@इस्लामपूर_२२ तो विषय पूर्ण वेगळा आहे, वेगळा प्रश्न टाका. एवढंच बघा की नीट (NEET) परीक्षेची पात्रता हवी, शिक्षण इंग्रजीतून किमान ५४ महिन्यांचं हवं, आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी. हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम आहेत. यातलं एकही कमी असेल तर इथे परवाना मिळत नाही.

बागायतदार_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिलेलं मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. खिचडीचं वाचताना मुलीच्या आईनं डोळ्याला पदर लावला. आता "जाऊ दे तिला" म्हणते.

पंधरा हजारांसाठी स्पीड पोस्टानं पत्र पाठवलं आज.

अजून दोन गोष्टी विचारतो. अर्जात स्वतःबद्दल पत्र लिहायचं आहे. मुलीनं इंटरनेटवरून बघून लिहिलंय, इंग्रजी झकास आहे, पण मला ते तिचं वाटत नाही. आणि तिकडं गेल्यावर पुढं युरोपात दुसऱ्या देशात सहा महिने जाता येतं असं ती म्हणते, ते खरं आहे का?

कृष्णाकाठची_कराड

काका, तुम्हाला वाटलं ते अगदी बरोबर. माझं पहिलं पत्रही तसंच होतं, "लहानपणापासून मला शेतीची आवड" वगैरे. आमच्या कॉलेजच्या सरांनी लाल पेनाने पूर्ण पान खोडलं आणि विचारलं, "तुझ्या रानात काय बिघडलंय ते लिही." मग मी आल्याच्या पिकाबद्दल लिहिलं. आमच्याकडे दीड एकरात आल्याचं पीक असतं. जुलैत पानं खालून पिवळी पडायला लागतात. मुळाशी माती हाताने बाजूला केली की कंद बोटाखाली दबतो, पाणी सुटतं, आणि तो सडका वास दोन दिवस हाताचा जात नाही. अप्पा ते रोप उपटून बांधाबाहेर लांब नेऊन टाकायचे आणि घरी येऊन हात धुवायच्या आधी कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. कंदकूज. हे लिहिलं, आणि मला यावर काय शिकायचंय ते लिहिलं. मुलाखतीत वीस मिनिटांतली पंधरा त्यावरच गेली. पिथियम बुरशी ओल्या जमिनीत कशी पसरते, तुम्ही निचऱ्याला काय करता, गादीवाफे किती उंच, हे विचारलं. मला एकही उत्तर आठवावं लागलं नाही, कारण ते सगळं मी पायाने तुडवलेलं होतं.

तुमच्या मुलीने दावण्याचं लिहावं. छाटणीनंतर पावसात फवारणीला रानात उतरता येत नाही, ट्रॅक्टर रुततो, पानामागे पांढरी लव दिसते आणि तिसऱ्या दिवशी घड जिरतो, हे तिने डोळ्यांनी बघितलंय. तेच तिच्या शब्दांत, साध्या इंग्रजीत. दोन शिफारसपत्रं लागली तर ओळखीच्या मोठ्या माणसाकडून नको, जे सर तिला खरंच ओळखतात त्यांच्याकडून घ्या.

दुसऱ्या देशात जायचं म्हणाल तर ती इरॅस्मसबद्दल, म्हणजे युरोपीय संघाच्या विद्यार्थी देवाणघेवाणीच्या योजनेबद्दल बोलत असणार. ते आता सरळ राहिलेलं नाही. मी तिथे असतानाच, डिसेंबर २०२२ मध्ये, युरोपीय संघाने हंगेरीतल्या न्यासांकडे सोपवलेल्या विद्यापीठांना इरॅस्मसचा नवा निधी थांबवला. अशी २१ विद्यापीठं, त्यात कृषी विद्यापीठ, डेब्रेत्सेन, सेगेद सगळी आली. आमच्या मागच्या वर्गातल्या मुलींना त्याचा फटका बसला. हंगेरीने त्याऐवजी २०२४ पासून पॅनोनिया नावाची स्वतःची योजना काढलीय. तुमच्या मुलीने ज्या विद्यापीठाला अर्ज करायचा त्यांच्या परदेश विभागाला थेट ईमेल करून विचारावं की सध्या बाहेर कुठे पाठवता. मला दोन दिवसांत उत्तर आलं होतं. इरॅस्मस हेच कारण असेल तर न्यासाकडे न गेलेल्या एल्टे विद्यापीठाकडे बघता येईल, पण द्राक्ष-फळबाग शिकायची असेल तर बुडापेस्टच्या बुडा भागातला कृषी विद्यापीठाचा परिसरच चांगला. एकसष्ट नंबरची ट्राम दारातून जाते आणि आत मोठं वनस्पती उद्यान आहे, एप्रिलमध्ये बघण्यासारखं.

हंगेरियन भाषेचं विश्रामबागवाल्या काकांनी लिहिलं ते तिला नीट वाचायला द्या. पहिल्या वर्षी तो विषय सक्तीचाच आहे, उरकून टाकायचा म्हणून बसू नये. भाषा अवघड, पण मध्येच ओळखीचं काही सापडतं. खिशाला ते झेब म्हणतात, म्हणजे आपला हिंदीतला जेब. सफरचंद म्हणजे आल्मा, आणि किर्गिझमध्येही आल्माच. तो शब्द पहिल्या तासाला फळ्यावर आला तेव्हा माझी खोलीतली मैत्रीण बाकावरून उठून उभी राहिली होती.

वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, एचआयव्ही आणि कावीळ अ, ब, क या तपासण्यांसह. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करून घ्या, अहवालाला वेळ जातो. पासपोर्ट नसेल तर आजच पोस्टातल्या केंद्राची वेळ घ्या.

बागायतदार_तासगाव

पासपोर्टची वेळ मिळाली, मंगळवारी सकाळी साडेदहा. पत्र तिनं काल रात्री नव्यानं लिहायला घेतलंय. मध्येच उठून मला विचारायला आली, मागच्या वर्षी कुठल्या तारखेला पहिला डाग दिसला होता. मी फवारणीची वही काढून दिली तिला.